ऑर्लिनचे बारा मैल

ऑर्लिन हॅकेटचा ट्रक गॅलनला बारा मैल द्यायचा. पाठीवर कॅम्पर चढवलेला, म्हणजे पलंग, शेगडी, फ्रिज आणि पाण्याची टाकी असलेली अख्खी खोलीच. इंजिन पेट्रोलचं. आणि तरी बारा. मग ऑर्लिन वारला, ट्रक बायकोच्या, ट्वायलाच्या हाती आला आणि नऊवर घसरला.

ट्रक तोच, टायर तेच, रस्ता तोच. बदललं होतं ते फक्त स्टिअरिंगमागचं माणूस. त्यामुळे दोष कुणाचा हे ठरवायला प्राइनव्हिल गावात कुणालाच डोकं खाजवावं लागलं नाही.

"तुझा पाय जड आहे, ट्वायला," तिचा दीर रॉइस भेटेल तिथे म्हणायचा. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, ती तोंड उघडून बसलेली असताना. "पेडलवर अंडं ठेवलंय असं समजून दाबायचं असतं. तू ऑम्लेट करतेस."

ट्वायलाला संताप यायचा तो 'जड' या शब्दाचा नव्हे, त्यातल्या आरोपाचा. ती उधळी आहे, असा तो आरोप होता. सॉ मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, तिने उभी हयात फळ्या ओढल्या होत्या. नुकत्या कापलेल्या ओल्या फळ्या साखळीवरून सरकत येतात, त्या ओढून जाडीप्रमाणे रचायच्या. धट्टेकट्टे गडी तिथे आठवड्यात पळून जात. फळी जो उचलतो त्याची कंबर जाते. तिचं वजन ओळखून जो तिला तिच्याच वजनाने घसरू देतो, तो टिकतो. ट्वायला टिकली. आयुष्यात तिने एक धक्का वाया घालवला नव्हता. तिला आता पाय जड म्हणून सांगत होता तो रॉइस, जो गिरणीत फोर्कलिफ्टवर बसून होता.

अकरा मैल देतो म्हणून रॉइस मिरवायचा, त्या त्याच्या स्वतःच्या ट्रकचा गिअरबॉक्स गेला होता, हेही गावाला ठाऊक होतं. पण ते कुणी बोलत नसे. बोलत ते ऑर्लिनच्या शेवटच्या दिवसांतलं एक वाक्य: "तिला नाही जमलं, तर ट्रक रॉइस घेईल." हे वाक्य रॉइसने इतक्यांदा सांगितलं होतं की ते मृत्युपत्रासारखं झालं होतं.

"तुला सोडून जाणार आहोत का आम्ही?" तो म्हणायचा. "मागच्या सीटवर ऐसपैस जागा आहे. पाय पसरून बस. खिडकीतून बघ."

मागची सीट! ऑर्लिन गेल्यावर ट्वायला पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाली, तेव्हा तिला कळलं होतं की त्या रस्त्याला डावी बाजूही आहे. जन्मभर तिने ड्रायव्हरशेजारी बसून फक्त उजव्या काचेतून बघितलं होतं. वाटेल तिथे थांबायचं, ओढ्याकाठी झोपायचं, सकाळी आपल्याच पायरीवर कॉफी प्यायची. हे सोडून ती रॉइसच्या मानेकडे बघत जाणार नव्हती. पण नऊच्या आकड्यापुढे तिचं तोंड बंद व्हायचं. नऊ खरे होते. ते तिने स्वतः काढले होते.

सप्टेंबरात तिकडच्या कामगार दिनाची सुट्टी आली. त्या सुट्टीत गिरणीतली जुनी माणसं ओचोको घाट ओलांडून पलीकडे ओढ्याकाठी जमतात. निघायच्या दिवशी ट्वायला कॅम्पर चढवत होती. अंगणात तो आपल्या चार पायांवर उंच उभा होता. ट्रक उलटा त्याच्या खाली घालायचा. दोन्ही बाजूंना तळहाताएवढी फट. ती एका दमात आत गेली, उतरली, कॅम्परचे पाय वर घेतले, चारही कोपऱ्यांचे पेच आवळले. रॉइस कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याची बायको लव्हॉन आपल्या छोट्या गाडीत वाट बघत बसली होती.

"टाकी भरलीस?" रॉइसने विचारलं.

"काठोकाठ."

"बघ! पाणी तिकडेही मिळतं. ऑर्लिन रिकामी टाकी न्यायचा. आणि हे काय? लोखंडी तवा?"

"तवा."

"अगं, वजन!"

ट्वायलाने हातातला पाना खाली ठेवला. तिच्या डोक्यात काहीतरी फटकन तुटलं.

"हे घे," ती म्हणाली, आणि तिने किल्ली त्याच्या छातीवर फेकली. "तू चालव. माझी भरलेली टाकी, माझा तवा आणि शेजारी मी. बारा दिलेस तर ट्रक तुझा. नाही दिलेस तर मरेपर्यंत माझ्या पायाचं नाव काढायचं नाही."

"भरल्या टाकीने?"

"का? अंडं फुटेल?"

लव्हॉन गाडीतून हसली. ती हसली म्हणून रॉइसला किल्ली उचलावीच लागली.

गावाबाहेर पडताच त्याने एसी बंद केला. मग काचा वर घेतल्या. उघड्या काचेत वारा अडतो. ट्वायलाला हे सगळं पाठ होतं. ऑर्लिनही हेच करायचा. उन्हाने तापलेल्या डब्यात ती लग्न झाल्यापासून अशी बसत आली होती. तवा घरी. कपडे दोन. लघवीला लागली तरी घाट चढून होईपर्यंत थांबायचं नाही, कारण थांबलं की पुन्हा वेग धरायला पेट्रोल जातं. "थोडं सोस," ऑर्लिन म्हणायचा, "बारा येतायत." ती सोसायची. आपण दोघं मिळून ते बारा कमावतोय असं तिला वाटायचं.

रॉइस पन्नासच्या वर जाईना. मागे गाड्यांची रांग लागली. ओंडके वाहणाऱ्या एका ट्रकवाल्याने इतका वेळ भोंगा दाबून धरला की ट्वायलाचे कान बधिर झाले.

"बाजूला घेऊन त्यांना जाऊ दे."

"थांबलं की जातं पेट्रोल."

"लोक शिव्या देतायत."

"देऊ देत. शिव्यांना पेट्रोल लागत नाही."

चढ सुरू झाला. कॅम्परचं तोंड भिंतीसारखं सपाट, वारा समोरून. पेट्रोलच्या इंजिनाला असं ओझं घेऊन चढायचं तर केकाटल्याशिवाय जमत नाही. गिअर खाली पडला, आणखी एक पडला, इंजिन ओरडायला लागलं. समोरच्या पट्टीवर अॅव्हरेज दिसत होतं. नऊ झाले. आठ झाले. वरच्या वळणावर सात झाले. रॉइसची पाठ घामाने सीटला चिकटली होती. ट्वायलाच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण तिला तो गोड लागत होता. सात! अंड्यावर पाय ठेवून सात!

एकच गोष्ट तिला खटकत होती. रॉइस घाबरलेला दिसत नव्हता. शीळ घालत होता.

घाटमाथ्याची पाटी आली. रॉइसने तिच्याकडे न बघता अंगठा पुढे केला, पट्टीखालचं बटण दाबून धरलं, आणि सात गेले. तिथे शून्य आलं.

"काय केलंस?"

"कुठे काय?"

"आत्ता. अंगठ्याने."

"शून्य केलं."

"का?"

"अगं, घाट संपला ना."

ट्वायलाला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे चेष्टा नव्हती, लबाडीही नव्हती. चर्चमध्ये प्रार्थनेला डोकं खाली घालावं तितक्या सरळपणे त्याने ते बटण दाबलं होतं.

"चढ हिशोबात धरायचा नसतो," तो समजावून सांगायला लागला. "चढ डोंगराचा असतो. त्यात ट्रकचा काय दोष? बाबा तर इथे गाडी उभी करून मैलाचा आकडा तळहातावर लिहायचे. ऑर्लिन इथेच दाबायचा. सगळेच दाबतात. खाली पोचल्यावर जो आकडा येतो तो खरा."

"चढ डोंगराचा."

"हो."

"मग उतार कुणाचा?"

रॉइसने आरशात मागच्या गाड्यांकडे बघितलं. 

"उतार... उतार ट्रकचा."

"गाडी बाजूला घे."

"ट्वायला, थांबलं की..."

"बाजूला घे, नाहीतर मी चालत्या गाडीतून उडी मारीन!"

त्याने घेतली. ती उतरली, दार आपटलं, बोनेटला वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली. तो काच खाली करत होता.

"मी घराजवळच्या पंपावर टाकी भरते," ती म्हणाली. "जाऊन येते. त्याच पंपावर पुन्हा भरते. जेवढं चढते तेवढंच उतरते. त्यातून नऊ निघतात. तीन वर्षं तुम्ही लोकांनी मला त्या नऊवरून सोलून काढलं. दाताच्या डॉक्टरकडे, रॉइस! माझ्या तोंडात यंत्र होतं!"

"पण असं चढ धरून काढलं तर कुणाचेच बारा येणार नाहीत."

"मग!"

"तू ऑर्लिनला खोटारडा म्हणतेस."

"खोटारडा असता तर बरं झालं असतं. खोटारड्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं."

रॉइसने नजर रस्त्याकडे वळवली. आणि तेव्हाच तिच्या डोक्यात खरी आग पेटली. रॉइस बिचारा समोर होता एवढंच. तिला हवा होता तो दुसरा, मातीत जाऊन निवांत पडलेला.

"याच चढावर एसी बंद," ती म्हणाली. तिचा आवाज चिरला. "याच चढावर काचा बंद. माझ्या पोटात कळा यायच्या, तरी याच चढावर थांबायचं नाही. सोस म्हणाला, मी सोसलं. चढ धरायचाच नव्हता, तर चढावर मला का शिजवलंत रे तुम्ही?"

 रॉइसने टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली.

"सवय," तो शेवटी म्हणाला.

"उतर."

तो उतरला आणि उजव्या बाजूला जाऊन बसला. ट्वायलाने सीट पुढे ओढली, चारही काचा खाली केल्या आणि एसी पूर्ण सोडला.

"काचा उघड्या ठेवून एसी?"

"हो."

वाऱ्याने उडू नये म्हणून रॉइसने टोपी दाबून धरली. तिने गाडी उताराला लावली. ओझ्याची गाडी उतरवायला ब्रेक दाबत बसायचं नसतं. गिअर खाली ठेवायचा आणि वजनाला वाट द्यायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, शिकवायची गरजही नव्हती. वळणं मागे पडत गेली. रागाने तिचे दात आवळलेले होते, पण हात आणि पाय आपलं काम नेमकं करत होते.

ओढ्याकाठी मंडळी जमलीच होती. वणव्याच्या भीतीने आग पेटवायला बंदी, म्हणून सगळे ताडपत्रीखाली गॅसच्या शेगडीभोवती खुर्च्या टाकून बसले होते. पैजेची बातमी लव्हॉनने पुढे येऊन आधीच पोचवली होती. गाडी थांबायच्या आत डेल्मर, गिरणीचा जुना फोरमन, काठी टेकत आला आणि खिडकीतून डोकं आत घालून पट्टीवर वाकला. स्टिअरिंग ट्वायलाच्या हातात होतं, पण शेवटच्या फर्लांगापुरतं ते रॉइसने दिलं असेल, असंच सगळे धरून चालले.

"तेरा!" तो ओरडला. "अरे, तेरा! भरल्या टाकीने! ऑर्लिनच्या वर गेलास की, रॉइस!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी रॉइसच्या हातात बिअरचा कॅन दिला. डेल्मर ट्वायलाकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच दया होती.

"हरलीस, बाई. मनाला लावून घेऊ नकोस. किल्ली देऊन टाक."

ट्वायला रॉइसकडे बघत होती. रॉइस कॅनकडे बघत होता. तो काहीच बोलत नव्हता, आणि एवढं त्याला पुरणार होतं.

"चढ धरून सांग त्यांना," ती म्हणाली.

"चढ कोण धरतं?" डेल्मरने विचारलं. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं. बाकीचेही तसेच बघत होते, बाईने उन्हात काहीतरी भलतंच बरळावं तसे. तिला दिसलं की इथे पंपाचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. साखळीवरून फळी येत होती. तिच्याशी झटायचं नव्हतं.

"ठीक आहे," ट्वायला म्हणाली. "नका धरू. आकडा घाटमाथ्यापासूनचाच. हो ना, डेल्मर?"

"हो तर. तोच खरा."

"माथ्यापासून इथपर्यंत गाडी कुणी चालवली, रॉइस?"

शेगडीवर कॉफी उकळत होती. रॉइसने कॅन खाली ठेवला.

"रॉइस!" लव्हॉन म्हणाली. "विचारतेय ती."

"हिने," रॉइस म्हणाला.

"मोठ्याने."

"ट्वायलाने चालवली! काचा उघड्या, एसी चालू. बास?"

 डेल्मरने टोपी काढली आणि आकाशात उडवली. "तेरा! एसी लावून तेरा! अरे, काय पाय आहे या बाईचा!" ज्या तोंडांनी तीन वर्षं तिला नावं ठेवली, तीच तोंडं आता तिच्या पायाचं गुणगान करायला लागली. कुणी तिच्या पाठीवर थाप मारली. कुणी विचारलं, पेडल कसं धरतेस.

"मी नऊ देते," ट्वायला म्हणाली. "नऊ! हे तेरा सगळे खोटे आहेत. ऐकताय का?"

"कसली साधी बाई आहे," डेल्मर दुसऱ्याला म्हणाला.

तिने किल्ली पँटच्या खिशात खोलवर कोंबली आणि कॅम्परचं दार उघडलं. आत जाऊन तवा शेगडीवर इतक्या जोरात आपटला की बाहेरच्या टाळ्या थांबल्या. तेवढ्या शांततेत लव्हॉनचा आवाज स्पष्ट ऐकू आला:

"रॉइस, आपल्या ट्रकचे ते अकरा मैल तू कुठून धरायचास?"