पुरीएवढा चिकटा

"ब्लेड तुझ्याच बादलीत सापडलं," असं रंगनाथराव म्हणाले, आणि सुरय्या म्हणाली, "साहेब, मी गाड्या धुते, दाढ्या करत नाय."

पार्किंगमध्ये पाचसहा जण उभे होते, त्यातलं कोणीतरी फिसकन हसलं. तिथेच बाईचं बिनसलं. रंगनाथराव आमच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्यासमोर लोक उभे राहतात, बसतात, झोपतातसुद्धा, पण हसत नाहीत.

माझी खिडकी पार्किंगला लागून आहे. इंदिरानगरात फ्लॅट घेताना माझा मुलगा दीपक म्हणाला होता, तळमजला घेऊ, आईला जिना नको. त्यामुळे मला जिना नाही, ऊनही नाही, पण सोसायटीतलं भांडण घरबसल्या ऐकायला मिळतं. हे ब्लेडचं भांडण सात वर्षांपूर्वीचं.

रंगनाथरावांच्या मुलाने, राजने, त्यांच्या जुन्या गाडीच्या डिकीवर कॉलेजातलं मोठं स्टिकर लावलं होतं. बाप आठवडाभर मागे लागला होता, काढ ते. त्या सकाळी स्टिकर गेलेलं होतं आणि त्या जागी पत्र्यापर्यंत उतरलेले चार ओरखडे होते. गाड्या धुणारी सुरय्या. मग अजून काय शोधायचं.

"मी आले तेव्हा ओरखडे होतेच," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तेच सांगायला वर येत होते. तुम्ही आधी खाली आलात."

"उद्यापासून गेटच्या आत पाय ठेवायचा नाही."

दुपारी फळ्यावर कागद लागला. सुरय्या सलीम शेख या बाईने ब्लेडने गाडी खराब केली, तिला सोसायटीत मनाई आहे. खाली चेअरमनची सही.

आता माझं सांगते. आदल्या संध्याकाळी राज डिकीपाशी उकिडवा बसून, जीभ दातांत धरून, ब्लेड चालवत होता, आणि झाल्यावर ते नळापाशी ठेवलेल्या सुरय्याच्या बादलीत टाकून गेला. मी पाहिलं होतं. कागद लागल्यावर दीपकला म्हटलं, मी जाऊन सांगते. तो म्हणाला, "आई, कशाला? आपली पाण्याची लाइन त्यांच्याकडे अडलीय." मी गप्प बसले. पाण्याची लाइन झाली. सुरय्या जाताना माझ्या खिडकीकडे एकदा बघून गेली. खिडकीत कोण असतं ते तिला माहीत होतं.

सुरय्या वारली, त्याला आता चार महिने झाले. तिच्यावर कोणी काही लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. माझं अक्षर मोठं आहे, वही संपेल, पण असू दे.

ती मूळची निफाडची. लग्नाआधी द्राक्षाच्या पॅकिंगला जायची. खोक्यावर चुकीचं लेबल लागलं की ते काढायचं काम हिच्याकडे. कोमट फडकं ठेवायचं, थांबायचं, मग एका कोपऱ्यातून ओढायचं. खोकं फाटलं तर मुकादम शिव्या द्यायचा. ती म्हणायची, "आजी, चिकटलेलं काढायला जोर लागत नाय, लाज लागते. दुसऱ्याची वस्तू हाय, ही लाज."

फळ्यावरचा तो कागद आमच्या गेटात राहिला नाही. शेजारच्या दोन सोसायट्यांनीही तिला बंद केलं. रस्त्यावर तिचं नावच पडलं, ब्लेडवाली. तिच्या खुशनुमाला बघायला पाहुणे आले, ते चहा पिता पिता विचारून गेले, "त्या ब्लेडवालीची मुलगी का?" परत आले नाहीत. तिच्या नवऱ्याने, सलीमभाईंनी, तिला सांगितलं, निफाडला जाऊ परत. ती म्हणाली, "नाव इथं गेलंय. निफाडात जाऊन कुठं सापडणार?"

ती इथेच राहिली. मंगल कार्यालयांच्या बाहेर नवरदेवाच्या गाड्यांचं काम धरलं. फुलं, रिबिनी, टेप, नावांचे थर्माकोल, सगळं लोक चिकटवतात हौसेने, आणि दुसऱ्या दिवशी गाडीमालक डोकं धरून बसतो. त्यातून ती अशी तयार झाली की गॅरेजवालेच तिला फोन करायचे. थिनर ओतायची नाही, खरवडायला पत्र्याची पट्टी लावायची नाही. आधी दाराच्या आतल्या कडेला, कोणाला दिसणार नाही तिथे, तेलाचा थेंब लावून रंगाला काही होतं का बघायची. मगच पुढे. पण नाव ब्लेडवालीच. "त्या ब्लेडवालीला बोलवा, ती चांगलं काढते," असं लोक म्हणायचे, आणि त्यात काही गंमत आहे हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

आमच्या गेटासमोरून ती रोज सकाळी जायची. मी एकदोनदा हाक मारली, "सुरय्या, चहा घेऊन जा." तिने थांबून सांगितलं, "तुमच्याकडचा नाय घ्यायचा, आजी." रागाने बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाहेरचे लोक आमच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून बाजाराला जायचे. रंगनाथरावांनी कागद छापून घेतले: ही गाडी बेकायदा उभी आहे, चेअरमन. लोक काचेवरचा कागद टरकावून जायचे. मग यांनी वॉचमनला, गोरक्षला, चपला चिकटवायचं सोल्युशन डबाभर आणून दिलं आणि हुकूम केला. यादीत नंबर नसेल ती गाडी बाहेरची. कोणाची म्हणून विचारायचं नाही. कागद काचेवर नको, बॉनेटवर लाव. पुन्हा येणार नाही तो.

गोरक्ष पेठ तालुक्यातला, सांगितलं तेवढं करणारा. त्याने मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात रंगनाथरावांची नवी गाडी आली. काळी, आरशासारखी, बघणाऱ्याला आपला चष्मा दिसावा अशी. त्यांच्या मुलीचा, वेदिकाचा, साखरपुडा दुसऱ्या दिवशी अकराला होता आणि त्या गाडीतून तिने उतरायचं ठरलं होतं. दुपारी राजने गाडी आणून पाहुण्यांच्या जागी लावली आणि वर जेवायला गेला. गाडीला अजून नंबर नव्हता. तीन वाजता गोरक्ष ड्यूटीवर आला. नंबर नाही, यादीत नाही, विचारायचं नाही. त्याने ब्रशने सोल्युशन फासलं आणि कागद नीट, मधोमध, कोपरे दाबून बसवला.

चार वाजता रंगनाथराव खाली आले आणि आपली सही आपल्याच बॉनेटवर वाचत उभे राहिले.

"कोणी केलं हे?"

"म्या," गोरक्ष म्हणाला. "तुमीच म्हणलं, कोणाची इचारायचं नाय."

मी खिडकी थोडी अजून उघडली.

शोरूमवाल्याने फोनवर सांगितलं, गाडी सोडून जा, बॉनेट रंगवावं लागेल, तीनचार दिवस. दोन गॅरेजवाले येऊन बघून गेले. दुसरा म्हणाला, "काळ्या रंगाला आम्ही हात लावत नाही. तुमच्या भागात ती एक ब्लेडवाली आहे, तिला बोलवा."

राज स्कूटर घेऊन गेला. सुरय्या स्कूटरवर बसली नाही. म्हणाली, तू हो पुढे, मी येते चालत. वीस मिनिटांच्या वाटेला तिने तास लावला. तोवर निम्मी सोसायटी खाली जमली होती, कोणी दूध आणायला, कोणी कुत्रं फिरवायला. आमच्याकडे कुत्रं दोघांकडेच आहे.

ती गेटाशी थांबली. "गोरक्षभाऊ, मला मनाई हाय. आत येऊ का, साहेबांना विचार."

"ये, ये," रंगनाथराव म्हणाले.

"विचार म्हणलं मी."

गोरक्षने चार पावलांवर उभ्या रंगनाथरावांना विचारलं. रंगनाथरावांनी गोरक्षला हो सांगितलं. मग ती आत आली.

तिने कागद सगळ्यांना ऐकू येईल असा वाचला, सहीसकट. मग यादी सांगितली: गरम पाणी, खोबरेल, निलगिरीचं तेल, केस वाळवायचं मशीन आणि जुना सुती बनियन.

"फडकं चालेल ना?" रंगनाथरावांनी विचारलं.

"फडक्याला टाके असतात, चरा पडतो. बनियन मऊ. तुमचाच आणा, बाकीच्यांच्या मापाचा पुरायचा नाय."

बनियन आला. पाठीला दोन भोकं होती. ती तिने उजेडाकडे धरून नीट बघितली आणि बाकीच्यांनाही बघू दिली.

वेदिकाचं मशीन गुलाबी होतं. ते तिने रंगनाथरावांच्या हातात दिलं. "हलवत ठेवायचं, साहेब. एका जागी धरलं की रंग फुगतो. माझे हात तेलात असणार."

पाऊण तास चेअरमनसाहेब गुलाबी मशीन बॉनेटवर ओवाळत होते. ती म्हणायची, "डावीकडे. जरा वर. दमलात का?" आणि ते मुकाट्याने डावीकडे, वर. कागद भिजवून सोलून निघाला. खाली सोल्युशनचा पिवळा थर. त्यावर तेल मुरवायचं, थांबायचं, मग अंगठ्याच्या मऊ भागाने गोल गोल. नख नाही लावायचं. शेवयांसारख्या वळकट्या निघत होत्या आणि ती त्या एकेक उचलून कागदावर ठेवत होती. काम इतकं देखणं होतं की लोक बोलायचे थांबले.

बरोबर मधोमध पुरीएवढा चिकटा राहिला, तेव्हा तिने हात पुसले.

"झालं?" रंगनाथरावांनी विचारलं.

"माझं झालं. आता तुमचं."

"म्हणजे?"

"फळ्यावर माझा कागद लावला होता तुम्ही. तसाच दुसरा लावा. ब्लेड कोणाचं होतं, तेवढं त्यात लिहा."

राज मान खाली घालून मोबाइल बघायला लागला. रंगनाथराव हळू आवाजात म्हणाले, "सुरय्याबाई, वर या. घरात बोलू. काय हवं ते देतो."

"तेव्हा पार्किंगमधी बोललात. आता घर कशाला?"

"उद्या मुलीचा साखरपुडा आहे."

"माझ्याही मुलीचं ठरत होतं," ती म्हणाली. मग बॉनेटला हात लावून बघितला. "गार व्हायला लागलंय. गार झालं की परत धरतं. मग मलाबी नाय निघायचं."

रंगनाथरावांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. कोणी तरी मध्ये पडेल असं त्यांना वाटलं असावं. सात वर्षांपूर्वी तिलाही तसंच वाटलं असेल.

गोरक्षने हजेरीच्या वहीतलं पान फाडून दिलं. रंगनाथरावांनी बॉनेटवर नको म्हणून स्वतःच्या मांडीवर ठेवून लिहायला घेतलं. "गैरसमजातून..." एवढं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"गैरसमज खोडा. खोटं लिहा."

"शब्द बरा नाही."

"मला सात वर्षं बरा होता?" मग तिने विचारलं, "राजनं केलं हे तुम्हाला कधी कळलं, साहेब?"

त्यांनी पेन थांबवलं. मला वाटलं, टाळतील. पण मशीन धरून हात दुखलेले होते, माणूस थकला होता.

"दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी," तिने परत म्हटलं, मोठ्याने, मागच्या लोकांसाठी. "ते पण लिहा."

लिहून झालं. सही झाली. मला वाटलं संपलं, आणि मी खिडकी ओढायला हात घातला.

"साक्षीदार पायजे," सुरय्या म्हणाली. "बघितलेलं माणूस हाय की. आजी, बाहेर या."

दीपक मागून म्हणाला, "आई, थांब." मी चपला घातल्या. पार्किंगमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ती सगळ्यांत जास्त. मी म्हटलं, "मी पाहिलं होतं. राजच्या हातात ब्लेड होतं. मी बोलले नाही." एवढं बोलायला मला सात वर्षं लागली आणि अर्धं मिनिट. मग सही केली, कुसाबाई. मला नाव लिहायला वेळ लागतो. ती काना, मात्रा, सगळं होईपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिली, जराही मदत केली नाही.

कागद फळ्यावर लावायला गोरक्षने टाचण्या काढल्या. तिने डबा पुढे केला. "साहेबांच्या सोल्युशनने लाव. सुटणार नाय असा."

मग तिने पुरीएवढा चिकटा काढला. तेही घाई न करता. साबणाच्या पाण्याने धुतलं, सावलीत कोरडं केलं, मेण चढवलं, आणि लहान मुलाचं बोट धरावं तसं रंगनाथरावांना म्हणाली, "फिरवा हात. एक चरा सापडला तर सांगा." त्यांनी हात फिरवला. सापडला नाही.

बनियन तिने घडी करून परत दिला.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे चहा प्यायली. साखर कमी आहे म्हणाली.

महिन्याभरात ब्लेडवाली नाव कमी झालं. पुरतं जात नाही अशी नावं. आमच्या सोसायटीतल्या अकरा गाड्या तिच्याकडे आल्या; रंगनाथरावांची काळी मात्र तिने धरली नाही. खुशनुमाचं ठरलं, मालेगावला दिलं, जावई बरा आहे. फळ्यावरचा कागद मात्र आहे तिथे आहे. रंगनाथरावांनी एकदा माणूस लावून खरवडायला सांगितला, तर फळ्याचा पापुद्रा सुटायला लागला आणि अक्षरं तशीच. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं, हा कागद निघेल का.

"निघतो की," ती म्हणाली. "तेल, ऊब, अर्धा तास."

"मग काढशील?"

"नाय."

मी तिला म्हटलं, "बाई, झालं ना आता. तो माणूस जिन्याने वर जाताना फळ्याकडे पाठ करून जातो. सोड की." ती म्हणाली, "आजी, तुम्ही सोडा. तुम्हाला मला चहा पाजायला मिळाला ना परत."  खरं सांगायचं तर तिच्या त्या नाय म्हणण्याने मलाही बरं वाटायचं.

तिला छातीचं दुखणं होतं, ते तिने कोणाला सांगितलं नाही. ती गेली त्या गुरुवारी सकाळी साडेसहाला नेहमीसारखी आली. आमच्या दीपकच्या गाडीच्या दारावर नातीने फुलपाखरांची स्टिकरं लावली होती, सात. सुरय्याने दाराच्या आतल्या कडेला तेलाचा थेंब लावून बघितला. कोमट फडकं ठेवलं. थांबली. माझ्याशी जरा बोलली, कांद्याबद्दल. मग एकेक फुलपाखरू पंख न फाटता काढलं आणि नातीला द्या म्हणून खिडकीच्या गजावर चिकटवून ठेवलं. चिकटा अंगठ्याने उचलला, धुतलं, पुसलं.

मग बाकीच्या दहा गाड्या. काळ्या गाडीवर कबुतरांनी घाण केली होती, धूळ होती. त्या गाडीपाशी आल्यावर तिने बादली दुसऱ्या हातात घेतली, जरा वर उचलली, आणि पाण्याचा एक थेंबही गाडीवर उडणार नाही असं बेताने चालत ती पुढच्या गाडीकडे गेली.