तिसऱ्या वर्षाची परवानगी

कॉलेज म्हणजे काय, तर कल्याणात बाजाराच्या मागे एका शाळेचे वरचे दोन मजले. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथे प्राणिशास्त्र शिकवायचे. नोकरी तात्पुरती, तोंड मात्र कायमचं, असं आमचे प्राचार्य म्हणायचे आणि वर स्वतःच हसायचे.

विज्ञान शाखेची पहिली दोन वर्षं आमच्याकडे होती. तिसऱ्या वर्षाला विद्यापीठाची परवानगी लागते, आणि ती द्यायची की नाही हे ठरवायला समिती येणार होती. परवानगी हुकली असती तर आमच्या मुलांना शेवटच्या वर्षासाठी ठाणं नाहीतर मुंबई गाठावी लागली असती. मुलगे गेले असते हो. मुलींचं काय? टिटवाळ्याहून येणारी माझी एक विद्यार्थिनी होती, वर्गात सगळ्यांत हुशार. तिच्या वडिलांनी मला रस्त्यात गाठून सांगून ठेवलेलं, "मॅडम, कल्याणपर्यंत ठीक आहे. त्याच्यापुढे नाय पाठवणार. मग स्थळं बघायला घेऊ." तेव्हापासून समितीचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

प्राचार्यांच्या पोटात गोळाबिळा नव्हता. त्यांच्या डोक्यात मेनू होता. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि वर मसाला पान. भिंतींना घाईघाईने रंग काढला, तो काही वाळेना, म्हणून सगळा स्टाफ भिंतीपासून अंग चोरून चालत होता. सूक्ष्मदर्शक शेजारच्या एका कॉलेजातून उसने आणले. त्यात गैर काहीच नाही, त्यांच्याकडे समिती आली तेव्हा आमचे तिकडे गेले होते. त्या बिचाऱ्या यंत्रांनी बेडकांपेक्षा समित्याच जास्त पाहिल्या असतील.

राहता राहिली अडगळ. मोडकी बाकं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गॅदरिंगचे पडदे. "लेडीज टॉयलेटमध्ये टाका," प्राचार्य शिपायाला म्हणाले, "तसंही ते बंदच असतं." खरं होतं ते. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून कॉलेज सुरू झाल्यापासून त्याला कुलूप होतं. आम्ही शिकवणाऱ्या बायका मागच्या चाळीतल्या एका काकूंकडे जायचो. सगळी अडगळ आत कोंबून कुलूप लावलं, आणि कॉलेज कसं लख्ख दिसायला लागलं.

समितीत तिघं होती. अध्यक्ष, टेपने वर्गखोल्या मोजणारे एक गृहस्थ, आणि आमच्या विषयाच्या तज्ज्ञ म्हणून आलेल्या एक वयस्कर प्राध्यापिका. सकाळपासून आमच्या लोकांनी त्यांना चहावर चहा पाजला. नको म्हटलं की नवा कप पुढे. जेवणानंतर त्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "अगं, जायचंय."

व्यवस्था होती ना! प्राचार्यांच्या केबिनमधल्या बाथरूममध्ये खास नवा साबण आणि टर्किश टॉवेल ठेवला होता. फक्त त्या दाराला खेटूनच अध्यक्षांची खुर्ची होती, आणि संस्थेची सगळी पुरुष मंडळी तिथे पान चघळत बसली होती. बाईंनी दारातून एकदा आत पाहिलं आणि मागे फिरल्या. "तू कुठे जातेस? तिथेच ने मला."

नेलं. काय करणार? काकूंनी हौसेने बादली भरून दिली, आणि बाई बाहेर आल्याबरोबर काकू म्हणाल्या, "बसा ना, चहा टाकते." बाई हसल्या, "नको हो, चहामुळेच आलेय."

जिना चढताना मात्र त्यांनी विचारलं, "आणि मुली?"

मला काय झालं कोण जाणे. एवढ्या दिवसांचा वैताग एकदम तोंडातून बाहेर पडला. "त्यांनाच विचारा ना," मी म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली. बाई खरंच माझ्या वर्गात शिरल्या.

टिटवाळ्याची मुलगी पहिल्याच बाकावर. बाईंनी तिला मूत्रपिंडाचं काम विचारलं. तिने असं घडाघडा सांगितलं की माझी कॉलर ताठ झाली, साडीला कॉलर नसली तरी.

"आणि ते नीट चालायला काय करावं?"

"भरपूर पाणी प्यावं, मॅडम."

"तू सकाळपासून किती प्यायलीस?"

पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "घरी गेल्यावर पिते, मॅडम. कॉलेजच्या दिवशी आम्ही निघताना पाणी पीत नाही. इथे आल्यावर पण नाही."

आम्ही म्हणजे कोण, हे बाईंना विचारावं लागलं नाही. मुलींच्या बाकांवरच्या सगळ्या माना खाली गेल्या होत्या. मला रडू आलं आणि संतापही आला, आणि त्याच्या मागोमाग वाटलं, संपलं आता तिसरं वर्ष.

शेवटच्या बैठकीत बाईंनी विषय काढला. प्राचार्य म्हणाले, "मुलींनी कधी तक्रार केली नाही, मॅडम."

"त्यांना घरूनच सांगून पाठवलेलं असतं, तक्रार केलीस तर घरी बसशील म्हणून. कुलूप उघडा."

कुलूप उघडलं. दार ढकलायचा अवकाश, गॅदरिंगचा पडदा त्याच्यावर रंगवलेल्या अख्ख्या हिमालयासकट अध्यक्षांच्या अंगावर आला. टेपवाले गृहस्थ त्यांना बाहेर ओढत होते. एरवी मी पोट धरून हसले असते. तेव्हा नुसती भिंतीला टेकून उभी राहिले आणि साडीला रंग लावून घेतला.

निघताना मी बाईंना गाठलं आणि हात जोडले. म्हटलं, "परवानगी नाकारू नका. काहीजणींना त्यांचे वडील दुसरीकडे पाठवणार नाहीत."

"नाकारली तर शिक्षा कुणाला होईल ते कळतं मला," त्या म्हणाल्या. एवढं म्हणून गाडीत बसल्या, आणि मी पुढचे कित्येक आठवडे जीव मुठीत धरून काढले.

परवानगी आली. अट एकच, वर्ग सुरू होण्याआधी मुलींचं टॉयलेट वाहत्या पाण्यासह उघडं हवं. जे पाणी इतकी वर्षं वर चढत नव्हतं, ते एका पंपाने आठवड्यात चढलं. ही सुधारणा आपल्याच मनात कधीपासून होती, असं प्राचार्य भेटेल त्याला सांगत सुटले. मी ऐकून घेतलं. माझं काम झालं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी फळ्यावर आकृती काढत होते. मी बोलत असताना कुणी मध्ये बोललेलं मला खपत नसे, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. टिटवाळ्याच्या मुलीने हात वर केला.

"काय गं, शंका आहे?"

"नाही, मॅडम. जाऊन येऊ?"

इतक्या दिवसांत हे मला वर्गात एकाही मुलीने विचारलं नव्हतं. "जा गं बाई, जा," मी म्हटलं. ती उठली तशी तिच्या मागोमाग मुलींचं अख्खं बाक उठलं, आणि माझा तो तास बुडाला तो बुडालाच.