टेकडीवरची सहा शून्यं

हान्तान नदीकाठच्या गावात मानबोकला सगळे उंदीरमामा म्हणत आणि ते त्याला आवडेही. वय सहासष्ट, गुडघे कुरकुरणारे, घरची मिरचीची शेती. पण रानउंदराची वाट त्याच्याइतकी उंदरालाही ठाऊक नसावी. सहा वर्षं तो विद्यापीठातल्या संशोधक हारिनसाठी पिंजरे लावत होता. टेकडीचे साठ चौकोन, प्रत्येकात दहा पिंजरे, सकाळी मोजणी. किती सापडले, कितींच्या रक्तात विषाणू निघाला, हे आकडे ती आपल्या गणितात घाली आणि उंदरांपासून होणारा ताप पुढे कुठे पसरेल ते सांगे. धोक्याचे चौकोन लाल, बाकीचे हिरवे. तो नकाशा गावच्या सभागृहात लागे.

एक गोष्ट मात्र मानबोकने तिला सांगितली नव्हती. सहा चौकोन थडग्यांचे होते, त्यातल्या एकात त्याची आई. आईच्या उशाशी उंदराचा पिंजरा लावायचा? ते काही त्याच्याच्याने होईना. रकाना रिकामा सोडला तर फोनवरचा तक्ता पुढे सरकत नसे, म्हणून तो सहाही ठिकाणी शून्य लिही. शून्याने कुणाचं काय बिघडतंय?

बिघडलं ते पूर्वजांना पुजायच्या छुसॉकच्या सणाआधी. सणाला थडग्यांवरचं गवत कापायचं काम मुलाचं, म्हणजे त्याचं. पण हारिनला सलग तीन दिवसांची मोजणी हवी होती. मग बायको, ओकबुन, विळा घेऊन उठली.

"तुमचं लग्न उंदराशीच लावायला हवं होतं," ती दारातून म्हणाली. "कापते मीच. तिथे काही नाही ना हो? नकाशात काय आहे?"

मानबोक पिंजऱ्यांत शेंगदाण्याचा लगदा भरत होता. मान वर न करता म्हणाला, "हिरवं आहे. जा."

सहा वर्षं शून्य लिहून त्याला ते खरंच वाटू लागलं होतं, की विचार करायचाच त्याने कंटाळा केला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

तिने दिवसभर गवत कापलं, झटकलं, तिथेच बसून भात खाल्ला. उंदरांच्या मुताची धूळ श्वासातून आत जाते, कळतसुद्धा नाही. अठराव्या दिवशी ताप चढला, मग मूत्रपिंडांनी काम थांबवलं. आठवड्याभरात इस्पितळातच तिने प्राण सोडला. मिरच्या वाळत घातल्यात, तेवढ्या उचला, हे तिचं शेवटचं बोलणं. तिला सासूशेजारीच पुरलं.

हारिन भेटायला आली ती रडवेली होऊन. "काका, माझं गणित चुकलं. तो चौकोन हिरवा होता. चारदा तपासलं, चूक सापडत नाही. मी हे काम सोडतेय."

मानबोकला गप्प बसता आलं असतं. पाप दुसऱ्याच्या पदरात आपणहून पडत होतं. पण त्याला ते गिळवेना.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी. त्या सहा चौकोनांत मी पिंजरा कधी लावलाच नाही. नुसतं शून्य लिहीत आलो."

हारिनने डोळे पुसले. "नुसतं 'माहीत नाही' म्हणाला असतात, काका, तरी शेजारच्या चौकोनांवरून अंदाज बांधता आला असता. शून्य म्हणजे शोधलं आणि नाही सापडलं."

"लाल आलं असतं?"

तिने लॅपटॉप उघडून सहा शून्यं पुसली. सहाही चौकोन लाल झाले. तिने घाईने झाकण लावलं, पण त्याने पाहिलं होतं.

"तिने विचारलं होतं गं मला," तो म्हणाला. "मी जा म्हटलं."

दुसऱ्या दिवशी त्याने थडग्यांमध्ये पिंजरे मांडले. आईची माफी मागितली. ओकबुनची मागायला तोंड नव्हतं. सकाळी तिच्या चौकोनातल्या दहापैकी नऊ पिंजऱ्यांत उंदीर होते. त्याने नऊ लिहिले आणि तिथेच बसून तो ढसाढसा रडला. हा आकडा कळायला एक रात्र पुरली होती, आणि सहा वर्षांत ती एक रात्र त्याने दिली नव्हती.