पाटीवर आईचं कोणतं नाव

आई गेल्यावर दोन महिन्यांनी आम्ही त्या हॉस्पिटलला व्हीलचेअर द्यायचं ठरवलं. परळमधलं हे हॉस्पिटल ट्रस्टचं. तिथल्या बाकांवर, पंख्यांखाली, खाटांच्या पायथ्याशी लहान लहान पाट्या आहेत. कुणी सून-नातू सुखरूप घरी आले म्हणून काही दिलेलं, कुणी वडील घरी आले नाहीत म्हणून. आई दाखल होती त्या तीन आठवड्यांत मी त्या सगळ्या वाचून काढल्या. पिशवीतलं पुस्तक मात्र एकदाही उघडलं नाही.

मजल्यावर व्हीलचेअर दोनच होत्या. एक्स-रेला जायचं म्हणजे नंबर लावावा लागे. "यापेक्षा टॅक्सीची लाइन बरी," आई म्हणायची. तेव्हा काय द्यायचं यावर बाबांचं आणि माझं लगेच एकमत झालं. अडलं ते पाटीवरच्या नावाशी.

आईला दोन नावं होती. तिच्या पिढीत पुष्कळ बायकांना असत. एक माहेरचं, आणि एक लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे हे दुसरंच. पहिल्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली होती. मीही ते लहानपणी, मामाच्या तोंडून, दोनचारदाच ऐकलं असेल.

शेवटच्या आठवड्यात आई कुठेतरी फार मागे निघून गेली. डोळे मिटून पडून असे. बाबांनी "अगं" म्हणून पाहिलं, मग आपण ठेवलेल्या नावाने हाक मारली. ती हलली नाही. तिथल्या एक सिस्टर आईच्या माहेरच्याच भागातल्या, मालवणकडच्या होत्या. त्यांनी मला आईचं माहेरचं नाव विचारलं, तिच्या कानाशी वाकून ते नाव घेतलं आणि म्हणाल्या, "आ कर गो. पेज आसा."

आईने आ केला. हसलीसुद्धा.

बाबा पलंगापलीकडे वाटी धरून उभे होते. ती त्यांनी स्टुलावर ठेवली आणि बाहेर गेले. त्यानंतर मजल्यावर सगळेच तिला त्या नावाने हाक मारू लागले. बाबा सोडून.

म्हणून घरी मी म्हणाले, "पाटीवर ती ओ द्यायची ते नाव घालू या."

"बावन्न वर्षं मलाही ओ देत होती," बाबा म्हणाले. "त्याचं काय?"

"तुम्ही घरी नावाने हाक मारलीत कधी? सारखं आपलं अगं, अगं."

हे बोलायला नको होतं. भोईवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत रुसून बसायलाही वेगळी जागा नाही. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि संध्याकाळपर्यंत मिटलं नाही. त्यांना नावाचा हट्ट नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. शेवटी तिने आपल्याला ओळखलंच नाही, आणि आता तसं पाटीवर लिहून ठेवायचं, एवढंच त्यांना दिसत होतं.

सोमवारी ते माझ्याबरोबर हॉस्पिटलात आले. ऑफिसात न जाता आधी जिना चढून वर गेले, त्या सिस्टरना गाठलं आणि काही प्रस्तावना न करता विचारलं, "ती मला विसरली होती का हो?"

सिस्टरच्या हातात औषधांचा ट्रे होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"काका, काकू तेव्हा दहा-बारा वर्षांच्या होत्या. माझ्याकडे कैऱ्यांना मीठ मागायच्या. तुमची नि त्यांची गाठ पडायची होती अजून. त्या विसरतील कशा?"

बाबा म्हणाले, "मीठ दिलंत का?"

"डॉक्टर ओरडले असते. पण दिलं, चिमूटभर."

खाली ऑफिसात एक तरुण क्लार्क फॉर्म भरायला बसली. "केसपेपरवरचंच नाव घालते, काका."

"नको," म्हणून बाबांनी आईचं माहेरचं नाव सांगितलं.

"पण आधारवर तर वेगळं आहे."

"पाटीला आधार लागतं का?"

ती हसली. "तसं नाही. बरं, माहेरचं नाव, म्हणजे पुढे त्यांच्या वडिलांचं नाव ना?"

बाबांनी चष्मा काढून पुसला.

"नाही. पुढे माझं. आणि आडनाव आमचं."

असं नाव आईचं कधीच नव्हतं. कुठल्या कागदावर नाही, कुणाच्या तोंडी नाही. क्लार्कने लिहून फॉर्म वळवला. बाबांनी बोट ठेवत सावकाश, मोठ्याने वाचलं, आणि पहिल्या शब्दातली वेलांटी ऱ्हस्व पडली होती ती दीर्घ करून घेतली.