फाइल बारीक केली की शेवंताक्का बोलायची

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि निम्म्यांना हसते. वळणावरची बाई, आपोआप हलणारा झोपाळा, मांजराचे डोळे... माझा असल्या कशावर कधी विश्वास बसला नाही. मी बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मापात बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट — दिवसभर हेच करते. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला घरात धूप फिरवायला सांगू नये, आईच्या मैत्रिणींनी ते केव्हाच सांगून झालंय.

माझं घर निपाणीला. नोकरीसाठी बेळगावात खोली घेतलीय, शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी जाते. घरी आई एकटीच असते. तिनं उभं आयुष्य विड्या वळल्या, आणि तिच्या शेजारी बसून तेवढ्याच वळल्या त्या शेवंताक्कानं. दोघींचं नातं काही नाही, पण सख्ख्या बहिणींचं इतकं जमत नसेल. हात थकून विड्या बंद झाल्या तेव्हा दोघींनी मोबाईलवर लुडो धरला. आईचा फोन मध्ये ठेवायचा आणि दुपारभर खेळायचं. शेवंताक्का स्वतः खेळायची कमी, आईच्या डावात नाक खुपसायची जास्त. "तांबडी हलीव गं पारू, डोळं हाईत का न्हाईत तुला?" हे मी दहावेळा तरी ऐकलंय.

गेल्या वर्षी शेवंताक्काच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तिची मुलगी संगीता तिला आपल्या घरी, बेळगावच्या पुढं गुंजीला घेऊन गेली. आई रोज म्हणायची, जाऊन येऊ. आणि जायची नाही. कधी गुडघा, कधी पाऊस, कधी गाडीची वेळ. एकदा मी चिडले तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "मला न्हाय बघवायची ती गप बसल्याली."

मग तिनं भलतंच काढलं. शेजारच्या पोरीकडून फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग शिकून घेतलं. एकटीच लुडो खेळायची, तोंडानं शेवंताक्काशी बोलत राहायची — "बघ गं, सहा पडला, आता पिवळी काढू का?" — आणि ते रेकॉर्ड करायची. हे नेटवर चढवायचं, म्हणजे संगीता तिकडं लावून दाखवेल. चढवायचं कुणी? मी. आमच्या चॅनलला एकोणीस सबस्क्रायबर आहेत, त्यातले चार मीच.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल. चाळीस मिनिटांचा डाव म्हणजे दोन जीबीची फाइल. आईच्या नेटवर ती अर्धा दिवस चढत बसते आणि नव्वद टक्क्यांवर गप्प होते. गुंजीत तर तेवढी जड फाइल उघडतच नाही. म्हणून दर रविवारी जेवण झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसायची, कॉम्प्रेस करायची. कॉम्प्रेस करणं म्हणजे कानाला-डोळ्याला फारसं जाणवत नाही ते फाइलमधून काढून टाकणं. हे नीट लक्षात घ्या. त्यात काढतात, घालत नाहीत.

एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत संगीताचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, आमच्या आईचा जुना आवाज कशाला घातलासा त्यात? ती सकाळधरनं रडायलीया."

मी म्हटलं, कसला आवाज? संगीतानं फोनच ठेवून दिला. कँटीनमध्ये बसून मी तो व्हिडिओ लावला. आई बोलतेय, फासा पडतोय, आणि अठराव्या मिनिटाला मागून बारीक आवाजात... "निळीला सोड. तांबडी हलीव."

शेवंताक्काच. शंभर टक्के.

पहिला राग आईवर. फोन करून विचारलं, हा काय चावटपणा? तर ती माझ्यावरच उखडली. "आजारी माणसाची थट्टा करतीस व्हय गं? लाज वाटत न्हाय?" तिला वाटलं मीच घातलाय. दोघी एकमेकींना खोटं ठरवत बसलो, दोन दिवस बोलणं बंद. पण विचार केल्यावर कळलं, जुना आवाज असणार कसा? शेवंताक्काचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. आणि त्या क्षणी स्क्रीनवर आईच्या निळी आणि तांबडी याच दोन सोंगट्या अडलेल्या होत्या. याच डावाबद्दल बोलणं चाललं होतं.

पुढच्या रविवारी मूळ फाइल हेडफोन लावून चार वेळा ऐकली. काही नाही. अठराव्या मिनिटाला नुसता पंख्याचा आवाज. तीच फाइल परत कॉम्प्रेस केली — आवाज हजर. दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, तरी हजर. मग डोकंच फिरलं आणि मी साइज कमी करत गेले. दोनशे एमबीला ती पुटपुटत होती. शंभरला दोन वाक्यं स्पष्ट. चाळीसला चित्र फुटायला लागलं, आईचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, आणि शेवंताक्का मात्र शेजारी बसून बोलल्यासारखी. जितकं काढून टाकावं तितकी ती जास्त. असं होत नाही हो. कुठल्याच हिशेबानं होत नाही.

फाइल पेनड्राइव्हवर घालून कारखान्यात नेली. आमच्या विभागातला बसवराज व्हिडिओचं सगळं जाणतो, लग्नांची शूटिंग करतो. त्याच्या लॅपटॉपवरही तेच झालं. त्यानं दोन्ही फाइलींचा आवाजाचा आलेख काढला. मूळ फाइलमध्ये सपाट रेघ, बारीक केलेल्या फाइलमध्ये त्याच जागी उंचवटा. पंधरा मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, "एनिल्ल बिड्री मॅडम." म्हणजे काही नाही, सोडा. वर म्हणे माइकचा प्रॉब्लेम असेल. अरे बाबा, माइकचा असता तर मूळ फाइलमध्ये नसता का? त्यानं खांदे उडवले आणि चहाला गेला. मला इतका राग आला की विचारू नका.

आईला खरं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्यानंतरच्या रविवारी ती माझ्या मागं येऊन उभी राहिलेली मला दिसलीच नाही. तिनं ऐकलं. आधी पदर तोंडाला लावला. मग शेजारी पाट ओढून बसली आणि म्हणाली, "आणि बारीक कर."

"चित्र दिसायचं नाही आई."

"मला चित्र करायचंय काय? कर बारीक."

नऊ एमबीपर्यंत आणलं. स्क्रीनवर नुसते रंगाचे चौकोन, कुठली सोंगटी कुठं तेही कळेना. आईचं बोलणं जवळजवळ गेलंच होतं. आणि डाव संपायच्या जरा आधी, याआधी कधी न ऐकलेलं वाक्य आलं. "पारू, हे नगं मला. तू ये की."

आई उठली आणि पिशवीत कपडे भरायला लागली. गुडघा नाही, पाऊस नाही, गाडीची वेळ नाही. मी म्हटलं, आज उशीर झालाय, पुढच्या रविवारी जाऊ. तर म्हणाली, "तुला यायचं न्हाय तर ऱ्हा." शेवटी तीन दिवसांची रजा टाकली आणि सोमवारी निपाणीहून बेळगाव, तिथून रेल्वेनं गुंजी, असं दोघी गेलो. जाताना मी वैतागलेलीच होते. एका बिघडलेल्या फाइलीसाठी रजा घालवतेय असं वाटत होतं.

शेवंताक्का खिडकीखाली खाटेवर होती. अर्धी झालेली. आईला बघून तिच्या तोंडातून शब्द आला नाही, नुसता डावा हात वर झाला. आई तिच्या कडेला बसली आणि फार रडली. संगीता आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिलो. थोड्या वेळानं बघितलं तर दोघींच्या मध्ये फोन होता. आई फासा टाकत होती आणि शेवंताक्का डाव्या बोटानं सोंगटी दाखवत होती. आई दुसरीच हलवायला गेली की हातावर चापट मारत होती. आम्ही तिथं दोन रात्री राहिलो.

आम्ही परतलो आणि त्याच शनिवारी शेवंताक्का गेली.

गुंजीचे डावही आईनं रेकॉर्ड केले होते. मी ते कॉम्प्रेस केले. त्यात आईचं बोलणं आहे, संगीताच्या भांड्यांचा आवाज आहे, बाकी काही नाही. मग जुन्या मूळ फाइली परत घेतल्या, तेच सॉफ्टवेअर, तेच सेटिंग. स्वच्छ. आधी केलेल्या नऊ एमबीच्या फाइलीत ती अजून बोलते, पण तशी दुसरी फाइल आता तयार होत नाही. रिपीट न होणारा दोष आमच्या खात्यात सगळ्यात वाईट. त्याची ना दुरुस्ती करता येते, ना तो सिद्ध करता येतो. आणि गंमत बघा, जो घालवायला मी डोकं फोडून घेतलं, तो परत आणायला आता दर रविवारी बसते. आईसाठी बसते असं म्हणायची मी.

परवा आईनंच विचारलं, "काय करतीस गं दर आयतवारी ते?"

म्हटलं, तुझ्या शेवंताक्काचा आवाज शोधतेय.

तिनं लॅपटॉप मिटला. "अगं, ती बोलवत हुती. मी गेल्ते. आता कशाला बोलंल ती?"

एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. हे स्पष्टीकरण नव्हे, मला मान्य नाही. पण बसवराजचं माइकवालं त्याहून मान्य नाही, आणि माझं स्वतःचं तर काहीच नाही. इथं कुणाला व्हिडिओतलं खरंच कळत असेल तर कळवा. तोवर मी एवढंच सांगू शकते की त्या रविवारी मी आईला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबवणार होते.