पडीक म्हणू नका

तळवड्याच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी स्कूटर काढून चाकणच्या पलीकडच्या माळावर जायचं, हा माझा आठ वर्षांचा शिरस्ता. हिवाळ्यात तिथे भोवत्या येतात. लांब पंखांचे हे शिकारी पक्षी मध्य आशियातून येतात आणि झाडावर नाही, गवतात, जमिनीवर झोपतात. किती उतरले, कुठे उतरले, गवत किती उंच, सगळं मी वहीत लिहायची. दिवसभर मापं घेणाऱ्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या माळावर झाडं लावायचं ठरलं. पैसा एका कंपनीचा, सल्ला एका आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या तज्ज्ञांचा. गावच्या समाजमंदिरात सभा झाली. एक वयस्कर परदेशी शास्त्रज्ञ आले होते, सोबत पुण्याच्या संशोधक बाई. पडद्यावरच्या नकाशात आमचा माळ तांबडा रंगवलेला आणि वर लिहिलेलं, ‘पडीक जमीन’.

मी उभी राहिले. “हे पडीक नाही. इथे खड्डे खणलेत तर पक्षी जातील.”

कंपनीचे साहेब हसले. “ताई, झाडं लावली की पक्षी वाढतात. शिक्षण काय आपलं?”

“आयटीआय.”

“मग हे तज्ज्ञांवर सोडा ना.”

माझे कान तापले. “तुमच्या तज्ज्ञांनी या माळावर एक तरी संध्याकाळ काढलीय का?”

मागून एक म्हातारा मेंढपाळ ओरडला, “व्हय, इचारा की त्यास्नी!”

बाईंनी माझा प्रश्न इंग्रजीत सांगितला. परदेशी गृहस्थांनी प्रामाणिकपणे मान हलवली. नाही. मग बाई मला म्हणाल्या, “आज दाखवाल?”

सूर्य कलला तेव्हा आम्ही बांधाआड बसलो होतो. आधी एक आला, मग चार, मग मोजताना माझीच धांदल उडाली. गवतावर घिरट्या घालत एकेक खाली बसला. ते गृहस्थ दुर्बीण खाली ठेवून नुसते बघत राहिले. परतताना बाई म्हणाल्या, “इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीतून शेतसारा मिळायचा नाही, तिला पडीक म्हणायचे. पुढच्या तज्ज्ञांनी तोच शब्द उचलला. आम्हीही.”

रस्त्याकडच्या भागात झाडं लागलीच. तज्ज्ञांनी सल्ला बदलला म्हणून बाकीचा माळ वाचला. संस्थेचा अहवाल आला, त्यात माझ्या सहा हिवाळ्यांच्या नोंदी होत्या आणि खाली बारीक अक्षरात, ‘माहिती : एक स्थानिक महिला’.

मी बाईंना फोन लावला. “लेखकांत माझं नाव घाला, नाहीतर माझ्या नोंदी काढा.”

“संस्थेची तशी पद्धत नाही हो.”

“मग काढा.”

“काढल्या तर अहवालात काही उरत नाही.”

“तेच म्हणतेय मी.”

तीन आठवड्यांनी दुरुस्त प्रत आली. लेखकांमध्ये तिसरं नाव माझं. मी ती कंपनीच्या साहेबांना पाठवली. या हिवाळ्यात रस्त्याकडच्या रोपांजवळ एकही भोवत्या उतरलेला नाही. पुढच्या सभेचं बोलावणं आलंय. हे लिहिलेलं सगळं मी तिथे उभी राहून वाचणार आहे, कोणाला आवडो न आवडो.