पाइप नसलेली वाट

आमच्या भागाला पाणी सोडणारा माणूस ड्युटीच्या वेळात डोंगरावर पळतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन चहा टाकायच्या आधी अर्ज लिहायला बसले. अर्ज माझा, सह्या दोनशे अकरा, आणि चूक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्या माणसाबद्दल आज लिहितेय ते त्यामुळेच.

त्याला सगळे चावीवाला म्हणतात. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीइतकी उंच लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खाच. टाकीजवळच्या चेंबरचं झाकण उचलायचं, दांडी आत उतरवायची, खाच व्हॉल्व्हवर बसली की चौतीस फेरे. पण एका दमात नाही. सहा फेरे देऊन थांबायचं, रिकाम्या पाइपातली हवा निघू द्यायची, नाहीतर पाइप हादरतो आणि जुने सांधे निसटतात. तेवढ्यात तो मुठीला कान लावतो. दांडीतून आवाज वर येतो. "पाणी आधी खोकतं, मग घसा साफ करतं, मग बोलायला लागतं," असं तो सांगतो. बोलायला लागलं की उरलेले फेरे. सकाळी सहाला उघडायचं, सव्वासातला बंद करायचं. अठरा वर्षं हेच.

मधला सव्वा तास हा त्याच्या दिवसातला एकमेव मोकळा वेळ. त्याच्या आधी आईचे गुडघे शेकून झालेले असतात. नंतर तो धावतपळत घरी पोचतो तेव्हा बायको चपला घालून दारात उभी असते. ती कपड्यांच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बसते, तिची पाळी आठची. ती नवऱ्याच्या हातात कंगवा देते आणि जिना उतरायला लागते. संसाराची चार वाक्यं ते दोघं जिन्यातच बोलतात, ती खाली जाताना, हा वरून वाकून.

"गॅस संपत आलाय!"

"बरं!"

"आईंच्या गोळ्या!"

"बरं!"

"आणि वेण्या नीट घाल, काल बाईंनी विचारलं, कुणी घातल्या म्हणून!"

वेण्या धाकटीच्या, ती तिसरीत आहे. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या हातांनी घातलेल्या वेण्या इतक्या घट्ट बसतात की पोरीच्या भुवया वर ओढल्या जातात आणि ती दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी दिसते. थोरली नववीत, तिला वेणीही नको आणि बापाचा सल्लाही नको. नऊ ते पाच तो मीटर आणि गळत्या बघत हिंडतो, संध्याकाळी खालच्या वस्तीचं पाणी सोडतो, आणि जेवताना घास हातात ठेवून पेंगतो. अशा माणसाला छंद परवडतो का, असं कुणी विचारलं तर मीही नाही म्हटलं असतं.

पण पळणं छंद म्हणून आलंच नाही. ते ड्युटीतून आलं. पूर्वी डोंगराच्या अलीकडे एक टाकी, पलीकडे एक, आणि माणसं दोन. दुसरा निवृत्त झाला आणि त्याची जागा कुणी भरली नाही. मग हाच अलीकडचं पाणी सहाला सोडायचा आणि पलीकडचं साडेसहाला. रस्त्याने वळसा आठ किलोमीटरचा. डोंगरावरून पायवाट तीनची, पण चढाची, चालत गेलं तर पाऊण तास. मग करणार काय? पळाला. खांद्यावर ती दांडी घेऊन पळाला. पायात खात्याचे काळे बूट. दोन वर्षं असं चाललं, मग पलीकडच्या टाकीवर आपोआप उघडणारं यंत्र बसलं आणि साहेबांनी सांगितलं, आता तुम्ही जायची गरज नाही.

"साहेबांनी मला सांगितलं," तो म्हणतो, "माझ्या पायांना कुणी सांगितलं नाही."

सवयीने पळतच राहिला. दांडी चेंबरपाशी ठेवायची, शर्ट काढून घडी करून दगडावर ठेवायचा, डोंगराला वळसा घालून सातच्या आत परत. एकदाही उशीर नाही. बायकोने कारखान्यातल्या चिंध्यांतून कमरेचा पट्टा शिवून दिला, त्याला फोनपुरता कप्पा, आणि शिवताना म्हणाली, "पडलास तर फोन करायला तरी येईल." एक दिवस थोरलीने फोनवर काहीतरी दाखवलं.

"बाबा, याला ट्रेल रनिंग म्हणतात. लोक यासाठी रजा टाकून लांब लांब जातात."

"रजा टाकून?" तो चक्रावला. "मग कामावर असताना काय करतात?"

आता माझ्या अर्जाकडे येते.

टाकीतून निघालेला पाइप डोंगराला वळसा घालून येतो आणि आमची गल्ली त्याच्या शेवटच्या टोकाला. त्या उन्हाळ्यात चार दिवस नळाला करंगळीएवढी धार. पाचव्या दिवशी बायका माझ्या दारात हंडे आपटायला लागल्या. माझं डोकं तापायला एवढं पुरे होतं. साडेसहाला मी टाकीवर चढून गेले. व्हॉल्व्ह उघडा, दांडी चेंबरपाशी तशीच उभी, दगडावर घडी घातलेला शर्ट, आणि माणूस गायब. वर बघितलं तर झुडपांमधून एक बनियन चाललंय, हरणासारखं. मी खच्चून ओरडले. त्याने वळून बघितलं आणि हात हलवला! त्याला वाटलं, मी शाबासकी देतेय. तिथे माझी सटकली.

"आमच्या भागात पाण्याचा ठणठणाट असताना संबंधित कर्मचारी कर्तव्याच्या वेळी डोंगरावर पळताना आढळला." हे वाक्य लिहून मला इतकं बरं वाटलं होतं की मी ते शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं.

पाणीखात्याच्या कचेरीत माझ्या अर्जांचा वचक आहे. तीन दिवसांत हुकूम निघाला. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत जागा सोडायची नाही आणि दर पंधरा मिनिटांनी व्हॉल्व्हसकट स्वतःचा फोटो साहेबांना पाठवायचा. गल्लीने त्याचं नाव पळपुट्या ठेवलं. आणि तो बसला. रोज सव्वा तास, दगडावर, शर्ट घालून. येताजाता मी बघायचे, अद्दल घडली म्हणून. त्याने माझ्याकडे एकदाही रागाने बघितलं नाही. नमस्कार मात्र रोज करायचा, त्याचा मला जास्त त्रास व्हायचा.

धार काही वाढली नाही. करंगळी ती करंगळीच.

दोन आठवड्यांनी त्याची बायको आली. मशीनवरून सरळ आली होती, केसांत धाग्याचा भुगा तसाच. बस म्हटलं तर बसली नाही.

"ताई, तुमचं मन भरलं का?"

"कशाने?"

"माझा नवरा बसवलात त्याने. घरी येतो तर दगडावरच बसल्यासारखा बसतो. पोरीची वेणी घालताना परवा ओरडला तिच्यावर. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पोर रडली नाही, घाबरून गप्प बसली. मी दिवसाला साडेसहाशे बाह्या शिवते ताई, मला माहीत आहे, माणसाला दिवसातून काहीतरी एक आपल्यासाठी लागतं. मला कारखान्यात रेडिओ आहे. त्याला तेवढा एक तास होता."

"अगं पण आमचं पाणी..."

"तुमचं पाणी डोंगरामागे चाललंय! त्याने साहेबांना तीनदा सांगितलं. तोंडी सांगितलं, कागदावर लिहायला तो काय तुम्ही आहे? पळताना त्याला दिसलं होतं. आता पळत नाही, आता काय दिसणार? फोटो काढतो स्वतःचा!"

आणि गेली. मी दारातच उभी राहिले. कुणी माझ्या घरात येऊन मला असं बोललेलं नाही. आणि वाईट हे की प्रत्येक शब्द खरा होता.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी, बदली माणूस टाकीवर असताना, मी त्याला म्हटलं, दाखव. तो दांडी घेऊन पुढे, मी मागे. माझं वय आणि वजन बघता मी त्या वाटेवर जाणं हाच एक मोर्चा होता. तो दहा पावलं जायचा, थांबायचा, माझा श्वास ऐकायचा.

"ताई, बसत बसत या. डोंगर कुठे जात नाही."

"तू पळतोस कसा रे इथून?"

"वर बघत नाही. पुढची तीन पावलं बघतो. तिथपर्यंत कुणालाही पळता येतं."

डोंगराच्या मागच्या उतारावर सगळं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि मधेच घोंगडीएवढा तुकडा हिरवागार. त्याने दांडीचं टोक तिथे मातीतून डोकावणाऱ्या पाइपावर टेकवलं. "कान लावा." मी मुठीला कान लावला. आत कुणीतरी न थांबता कुजबुजत होतं. आमच्या गल्लीचं पाणी ते. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आधी राग येतो.

"तू मला का नाही सांगितलंस? रोज नमस्कार करत होतास!"

"तुम्ही अर्जात होतात, ताई. अर्जातल्या माणसाशी बोलायचं नसतं, असं साहेब म्हणाले."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच मी साहेबांसमोर. म्हटलं, माझा अर्ज परत द्या. साहेब हसले. "बाई, अर्जाला नंबर पडलाय, त्यावर हुकूम निघालाय. तो आता मागे जात नाही. तुम्हीच तर नियम शिकवता आम्हाला."

बरोबर होतं. वीस वर्षं मीच त्यांना हे शिकवलं होतं. पण त्यांच्याच बाकांवर बसून मीही एक गोष्ट शिकले होते. अर्ज मागे जात नसला तरी पुढे दुसरा जोडता येतो. तिथेच बाकावर बसून लिहिला. डोंगरावरील मुख्य पाइपलाइनची गेली कित्येक वर्षं पाहणी झालेली नाही; अमुक ठिकाणी गळती आहे; सबब पाणी चालू असतानाच्या वेळात संपूर्ण लाइनची रोज पायी पाहणी करण्यात यावी, आणि कोणी व कधी केली ते आम्हाला लेखी कळवावे. पाणी चालू असतानाच्या वेळात, या शब्दांखाली मी दोन रेघा मारल्या.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. "रोज? साडेपाच किलोमीटर? सव्वा तासात? चढउताराचं? कोण करणार हे, बाई?"

"बघा. तुमच्याकडे कुणी चपळ माणूस असेल तर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण अर्जाला नंबर पडला होता.

आठवड्यात गळती बुजली. आमच्या गल्लीत धार मनगटाएवढी झाली आणि पहिल्याच दिवशी दोघी भांडल्या, म्हणजे सगळं पूर्ववत. चावीवाल्याला लेखी हुकूम मिळाला, फोटो बंद, आणि खात्याने त्याला बूट दिले, पुन्हा काळेच. मी छाती काढून टाकीवर गेले. वाटलं होतं, हा आता हात जोडेल.

तो दगडावर बसून बुटाची नाडी बांधत होता. "उपकार झाले ताई," म्हणाला, पण आवाजात काही नव्हतं.

"काय झालं आता? पळायला मिळतंय ना?"

"मिळतंय की." त्याने नाडी सोडून पुन्हा बांधली. "राग मानू नका. आधी मी पळायचो तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं कुठून गेलास. आता वही आहे. सांधा नंबर एक, ठीक. सांधा नंबर दोन, ठीक. तास होता तो माझा होता. आता तो साहेबांचा झाला."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुझ्यासाठी मी जन्मात पहिल्यांदा स्वतःचा अर्ज खोटा पाडला, आणि तुला वही टोचतेय?"

तो घाईघाईने म्हणाला, "तसं नाही हो ताई." तो उठला, कमरेचा पट्टा आवळला, त्यात वही खोचली आणि निघाला. मी रागातच उतरले. अर्ध्या वाटेत मात्र मला वाटायला लागलं, की त्याचं म्हणणं बरोबर आहे आणि यावर लिहिता येईल असा अर्ज नाही.

हे झालं त्याला आता वर्ष होईल. धाकटीच्या भुवया पुन्हा वर गेल्या आहेत. जिन्यातला संसार जोरात आहे. गल्ली त्याला अजून पळपुट्याच म्हणते, पण आता आमचा पळपुट्या असं म्हणते. थोरली एकदोनदा सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर गेली आणि येऊन आईला म्हणाली, "बाबा वर गेले की शिट्टी वाजवतात, माहीत आहे तुला?" आई म्हणाली, "मला काय माहीत असणार, जिन्यात तर वाजवत नाहीत."

मी सकाळी गच्चीवर पाणी भरायला जाते. तिथून डोंगर पूर्ण दिसतो. सहा वाजून दहा मिनिटांनी एक ठिपका टाकीपासून सुटतो आणि पाइपाच्या कडेने डोंगरामागे जातो. पूर्वी पलीकडून यायला त्याला पन्नास मिनिटं लागायची. हल्ली चाळिसाच्या आत येतो. सांधे सगळे बघतो, वही मी तपासली आहे, एक रकाना रिकामा नाही. मला आधी कळेना, एवढी घाई कशाला.

मग एकदा बादली भरून वाहेपर्यंत बघत उभी राहिले. ठिपका पलीकडून आला, टाकीच्या वरच्या बाजूला क्षणभर थांबला, आणि खाली यायच्या ऐवजी डावीकडे वळून सरळ चढाला लागला, पार माथ्यापर्यंत. बरोबर पंधरा मिनिटांनी टाकीवर परत. व्हॉल्व्ह सव्वासातलाच बंद झाला, मी घड्याळ लावून बघितलं.

त्या डाव्या वाटेवर एक फूटही पाइप नाही. आमच्या भागाच्या लाइनचा नकाशा मला पाठ आहे. ड्युटीच्या वेळात तो तिथे रोज जातो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघते.

यावर मी अजून अर्ज केलेला नाही.